एका ॲपमधली तीन खाती : खासगी आणि कार्यालयीन ईमेल वेगळे करण्याचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातील व्यक्ती एका मध्यम आकाराच्या अभियांत्रिकी सल्लागार कंपनीत प्रकल्प समन्वयक आहेत. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि पुढे त्यांचा उल्लेख ‘समन्वयक’ असाच केला आहे. कंपनीची ईमेल सेवा मायक्रोसॉफ्ट ३६५ वर चालते. समन्वयकांचा खासगी पत्ता जीमेलचा असून तो त्या शिकत होत्या तेव्हापासून वापरात आहे. बँक, विमा, आईचे उपचार, नातेवाईक असे सगळे व्यवहार त्याच पत्त्यावर होतात. याखेरीज त्या एका स्वयंसेवी संस्थेच्या सचिव आहेत आणि संस्थेचे ईमेल खातेही त्याच सांभाळतात.

कंपनीने त्यांना लॅपटॉप दिला होता, फोन दिला नव्हता. फोन त्यांचा स्वतःचा, अँड्रॉइडचा. साइटवर असताना मेल पाहावे लागत म्हणून त्यांनी तिन्ही खाती एकाच ॲपमध्ये जोडून घेतली होती. हे ॲप गूगलचेही नव्हते आणि मायक्रोसॉफ्टचेही नव्हते. ते एका तिसऱ्याच कंपनीचे, देखणे आणि वापरायला सोपे होते. सगळ्या खात्यांचे मेल वेळेच्या क्रमाने एकाच यादीत दाखवणारा एकत्रित इनबॉक्स हे त्याचे मुख्य आकर्षण होते, आणि बराच काळ या व्यवस्थेविषयी त्यांची काहीही तक्रार नव्हती. हे मुद्दाम नोंदवतो, कारण असे प्रकरण वाचताना एकत्रित इनबॉक्सलाच दोषी ठरवण्याचा मोह होतो. ज्याची सर्व खाती त्याची स्वतःचीच आहेत आणि ज्याच्या मेलवर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही, त्याच्यासाठी ती उत्तम सोय आहे. समन्वयकांची परिस्थिती तशी नव्हती. त्यांच्या तीन खात्यांचे मालक तीन होते : एक त्या स्वतः, दुसरी कंपनी आणि तिसरी संस्था.

अडचण कशी उघड झाली

एका प्रकल्पात ग्राहकाने नकाशात बदल सुचवला. सुधारित नकाशाची पीडीएफ समन्वयकांच्या फोनवर आली होती. त्यांनी ती उघडली, ‘शेअर’चे बटण दाबले, समोर आलेल्या यादीतून ईमेल ॲप निवडले, ग्राहकाच्या नावाची पहिली दोन-तीन अक्षरे लिहिताच पूर्ण पत्ता आपोआप पुढे आला आणि त्यांनी मेल पाठवून दिला. तो त्यांच्या खासगी पत्त्यावरून गेला.

असे का घडले, हे थोडे बारकाईने पाहायला हवे. आलेल्या मेलला उत्तर देताना बहुतेक ॲप ज्या खात्यावर मेल आला त्याच खात्यावरून उत्तर पाठवतात, त्यामुळे रोजच्या पत्रव्यवहारात गफलत होत नाही. नवा मेल लिहिताना किंवा दुसऱ्या ॲपमधून फाइल शेअर करताना मात्र ॲपला कोणत्याही आधीच्या मेलचा आधार नसतो, म्हणून ते मूळ खाते म्हणून ठरलेले खाते घेते. समन्वयकांच्या ॲपमध्ये मूळ खाते कोणते, तर जे सर्वांत आधी जोडले ते, म्हणजे खासगी. फोनच्या लहान पडद्यावर प्रेषकाची ओळ मिटलेली असते किंवा फिकट अक्षरांत असते. कीबोर्ड वर आला की नजर विषयाच्या ओळीवर आणि मजकुरावर राहते. वर्षानुवर्षे उत्तरे बरोबर खात्यावरून जात असल्यामुळे ती ओळ तपासण्याची सवयच कधी लागली नव्हती.

ग्राहकाने त्याच मेलला उत्तर दिले, मग त्यांच्या कार्यालयातील आणखी दोघांनी ‘रिप्लाय ऑल’ केले, आणि त्या बदलाविषयीची सगळी चर्चा, अंतिम मंजुरीसह, समन्वयकांच्या खासगी खात्यात झाली. एकत्रित इनबॉक्समध्ये हे सगळे मेल इतर कामाच्या मेलच्या शेजारीच दिसत होते, त्यामुळे ते चुकीच्या घरात आहेत हे त्यांच्या लक्षातच आले नाही.

पुढे आईच्या शस्त्रक्रियेसाठी समन्वयक रजेवर गेल्या. कंपनीच्या नियमाप्रमाणे त्यांच्या कार्यालयीन मेलबॉक्सचा वापर करण्याची परवानगी एका सहकाऱ्याला देण्यात आली. सहकाऱ्याने मंजुरीचा मेल शोधला, तो नव्हता. जुना नकाशा हाच शेवटचा आहे असे समजून त्यांनी तो कंत्राटदाराला दिला आणि त्याप्रमाणे झालेले काही काम नंतर उकलून पुन्हा करावे लागले.

याच काळात दुसरी बाजू समोर आली, आणि माझ्या मते ती अधिक गंभीर होती. रुग्णालयाचा प्रवेश अर्ज समन्वयकांनी कार्यालयातून, लॅपटॉपवर भरला होता आणि घाईत कार्यालयीन पत्ता दिला होता. त्यामुळे आईचे तपासणी अहवाल, विम्याची कागदपत्रे आणि डॉक्टरांच्या सूचना कार्यालयीन मेलबॉक्समध्ये येत राहिल्या. मंजुरीचा मेल शोधताना सहकाऱ्याच्या नजरेस ते सर्व पडले. सहकारी समजूतदार होते; त्यांनी काहीही पुढे पाठवले नाही आणि समन्वयकांना फोन करून स्वतःच सांगितले. पण आजारपणाची माहिती आईची होती आणि ती कोणाला कळावी हे ठरवण्याचा अधिकारही आईचाच होता.

कंपनीचा प्रस्ताव आणि समन्वयकांची भीती

या घटनेनंतर आयटी विभागाने तपासणी केली आणि त्यात आणखी एक गोष्ट सापडली. मायक्रोसॉफ्टने १ ऑक्टोबर २०२२ पासून एक्स्चेंज ऑनलाइनमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्ट ३६५ मधील ईमेल सेवेत, केवळ नाव आणि पासवर्ड देऊन जोडणी करण्याची जुनी पद्धत टप्प्याटप्प्याने बंद केली. तेव्हापासून बाहेरचे ॲप जोडताना वापरकर्ता मायक्रोसॉफ्टच्या पानावर लॉगिन करून त्या ॲपला परवानगी देतो आणि ॲपला पासवर्डऐवजी एक टोकन मिळते. ही परवानगी प्रशासकाच्या यादीत दिसते. समन्वयकांचे ॲप त्या यादीत होते आणि त्याला मेल वाचण्याची, पाठवण्याची व सततची परवानगी होती. सूचना चटकन मिळाव्यात यासाठी अशा काही ॲपच्या कंपन्या ते टोकन स्वतःच्या सर्व्हरवर ठेवतात आणि आपल्या सर्व्हरवरूनच मेलबॉक्स तपासतात. याचा अर्थ ग्राहकांच्या गोपनीय नकाशांपर्यंत पोहोचण्याची किल्ली अशा एका कंपनीकडे होती जिच्याशी समन्वयकांच्या कंपनीचा कोणताही करार नव्हता.

आयटी विभागाने समन्वयकांना एक संमतिपत्र पाठवले. कामाचे मेल फोनवर हवे असतील तर फोन कंपनीच्या व्यवस्थापन प्रणालीत नोंदवावा लागेल आणि गरज पडल्यास ‘उपकरणावरील माहिती पुसून टाकण्याचा’ अधिकार कंपनीला असेल, असे त्यात लिहिले होते. समन्वयकांनी सही केली नाही. आईचे फोटो, आईच्या आवाजातील संदेश, बँकेची ॲप, सगळे त्याच फोनमध्ये होते. या टप्प्यावर हे प्रकरण माझ्याकडे सल्ल्यासाठी आले.

ॲप निवडण्याआधीचा प्रश्न

समन्वयकांचा पहिला प्रश्न होता, ‘सर्वांत चांगले ईमेल ॲप कोणते?’ मी त्यांना ॲपची नावे बाजूला ठेवून आधी शेवटच्या काही आठवड्यांतील मेल उघडायला सांगितले, आणि प्रत्येकाविषयी एकच गोष्ट ठरवायला सांगितली : उद्या नोकरी सोडली तर हा मेल कोणाला लागेल? कंपनीला लागेल तो कार्यालयीन, स्वतःला लागेल तो खासगी, नव्या सचिवाला लागेल तो संस्थेचा. बहुतेक मेलचा निकाल क्षणात लागला. अडखळायला झाले ते मोजक्याच ठिकाणी. वेतनपावती आणि आयकराची कागदपत्रे कार्यालयीन खात्यावर येत होती, पण नोकरी सुटली की ते खाते बंद होणार आणि कागदपत्रे मात्र पुढेही लागणार. व्यावसायिक संघटनेचे सदस्यत्व कार्यालयीन पत्त्यावर होते, पण सदस्यत्व व्यक्तीचे होते. जुन्या सहकाऱ्यांशी होणारा पत्रव्यवहार अर्धा कामाचा आणि अर्धा मैत्रीचा होता.

हा संपूर्ण प्रकरणातला सर्वांत उपयोगी भाग होता असे मला वाटते. खाते म्हणजे मेल जिथे राहतो ती जागा, आणि ॲप म्हणजे त्या जागेकडे पाहण्याची खिडकी. खिडकी कितीही चांगली निवडली तरी वस्तू चुकीच्या खोलीत ठेवली असेल तर उपयोग नाही. रुग्णालयाला कार्यालयीन पत्ता देण्याची चूक कोणत्याही ॲपने थांबवली नसती.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय होता तेच ॲप ठेवून त्याची मांडणी बदलण्याचा : मूळ खाते कार्यालयीन करायचे, प्रत्येक खात्याला वेगळा रंग आणि वेगळी स्वाक्षरी द्यायची, एकत्रित इनबॉक्स बंद करायचा. यात खर्च नव्हता आणि नवे काही शिकावे लागणार नव्हते. पण मूळ खाते बदलले की गफलतीची फक्त दिशा बदलते. आता आईचे अहवाल शेअर करताना ते कार्यालयीन पत्त्यावरून जाण्याचा धोका. शिवाय टोकनचा प्रश्न तसाच राहत होता. हा पर्याय लवकर बाद झाला.

दुसरा पर्याय सगळे मेल एका खात्यावर आपोआप फॉरवर्ड करण्याचा. समन्वयकांना तो सोपा वाटत होता, पण कंपनीच्या धोरणात बाहेरच्या पत्त्यावर आपोआप फॉरवर्ड करण्यास मनाई होती आणि ती योग्यच होती. फॉरवर्ड झालेला मेल मूळ प्रेषकाच्या नावाने पण तिसऱ्याच सर्व्हरवरून येतो, त्यामुळे प्रेषकाची खात्री करणाऱ्या एसपीएफसारख्या तपासण्यांत तो नापास होऊन स्पॅममध्ये जाऊ शकतो. आणि पाठवलेल्या मेलचे काय, हा मूळ प्रश्न त्याने सुटतच नाही.

तिसरा पर्याय फोनवर कामाचे मेल अजिबात न ठेवण्याचा. मी तो मनापासून मांडला होता, कारण अनेकांना वाटते तितकी फोनवरच्या कार्यालयीन मेलची गरज खरोखर नसते. समन्वयकांचे काम मात्र साइटवर चालते. लॅपटॉप उघडायला जागा नसते आणि कंत्राटदार उत्तरासाठी समोर उभा असतो. वेगळा फोन द्यायला कंपनी तयार नव्हती.

उरले दोन पर्याय. एक, साधी दोन ॲप : कामासाठी आउटलुक, खासगीसाठी जीमेल किंवा दुसरे काही, दोन्ही फोनवर शेजारी शेजारी. दुसरा, अँड्रॉइडमधील वर्क प्रोफाइल, जिथे कामाची ॲप, त्यांच्या फाइल आणि संपर्क फोनच्या एका स्वतंत्र कप्प्यात राहतात.

निर्णायक टप्पा : फोनवर कंपनीचा अधिकार किती

येथे सर्वाधिक वेळ गेला आणि तो जाणे योग्यच होते. ‘व्यवस्थापन प्रणालीत नोंदणी’ या शब्दांखाली अगदी भिन्न गोष्टी येतात आणि संमतिपत्रात त्यातली नेमकी कोणती, हे लिहिलेले नव्हते. फोनमधील मूळ मेल ॲप एक्स्चेंजच्या जुन्या पद्धतीने जोडले असेल तर प्रशासकाचा पुसण्याचा आदेश संपूर्ण फोन कोरा करू शकतो. आउटलुकच्या मोबाइल ॲपच्या बाबतीत तोच आदेश फक्त त्या ॲपमधील माहिती पुसतो. वर्क प्रोफाइल हा प्रकार २०१४ मध्ये अँड्रॉइड ५.० सोबत आला. व्यक्तीच्या स्वतःच्या फोनवर तो बसवला तर कंपनीला फक्त त्या कप्प्यातील ॲप व माहिती नियंत्रित करता येते आणि पुसायची वेळ आली तर तो कप्पाच पुसला जातो. बाहेरचे फोटो, संदेश, खासगी ॲप कंपनीला दिसत नाहीत. फोनच्या कुलपासाठी पुरेसा मजबूत पासवर्ड असावा अशी अट मात्र कंपनी घालू शकते आणि ती संपूर्ण फोनला लागू होते.

समन्वयकांनी आयटी विभागाला तीन प्रश्न लेखी विचारले : नोंदणी कोणत्या प्रकारची असेल, पुसण्याचा आदेश नेमके काय पुसेल, आणि फोनमधील कोणती माहिती विभागाला दिसेल. उत्तर यायला वेळ लागला, कारण संमतिपत्राचा मसुदा जुना होता आणि विभागालाही तो आधी तपासावा लागला. उत्तर आले तेव्हा स्पष्ट झाले की कंपनी वर्क प्रोफाइलच वापरते आणि पुसण्याचा अधिकार त्या कप्प्यापुरताच आहे. संमतिपत्राचा मजकूर त्यानुसार बदलण्यात आला. सही करण्याआधी प्रश्न विचारणे हा अडवणूक करण्याचा प्रकार समजला जाईल अशी समन्वयकांना धास्ती होती. प्रत्यक्षात त्यांच्या प्रश्नांमुळे सगळ्याच कर्मचाऱ्यांना अधिक नेमके पत्र मिळाले.

साधी दोन ॲप की वर्क प्रोफाइल, या निवडीत तोल शेवटी शेअरच्या बटणाने फिरवला. साधी दोन ॲप घेतली असती तर फाइल शेअर करताना यादीत दोन्ही शेजारी आली असती आणि बोट चुकण्याची शक्यता उरली असती. वर्क प्रोफाइलमधील आउटलुकमध्ये आलेली पीडीएफ त्याच कप्प्यात उघडते आणि तेथून शेअर करताना आधी त्या कप्प्यातील ॲप समोर येतात. संपर्कही वेगळे राहतात, त्यामुळे कामाचा मेल लिहिताना डॉक्टरांचा पत्ता आपोआप पुढे येत नाही. कामाच्या ॲपवर ब्रीफकेसचे छोटे चिन्ह असते आणि सगळा कप्पा एका बटणाने थांबवता येतो. थांबवला की त्यातील सूचना बंद होतात.

आयफोन वापरणाऱ्यांना अशी दोन उघड दालने मिळत नाहीत. तेथे कंपनीची ॲप व खाती व्यवस्थापित म्हणून वेगळी धरली जातात. आयओएस १६ पासून ‘फोकस’मध्ये कोणती मेल खाती दिसावीत हे ठरवता येते, ज्यामुळे ॲपलच्या मेल ॲपमध्ये कामाचे खाते संध्याकाळनंतर नजरेआड ठेवता येते. ही सोय लक्ष विचलित होऊ नये म्हणून आहे, माहितीच्या सुरक्षिततेसाठी नाही, हे लक्षात ठेवलेले बरे.

खासगी बाजूचे ॲप

कामाच्या बाजूला निवड कंपनीची होती. खासगी बाजूला समन्वयक पूर्ण मोकळ्या होत्या आणि तेथे तीन नावे चर्चेत आली.

जीमेलचे ॲप त्यांच्या खात्याशी सर्वांत चांगले जुळत होते. जुने मेल फोनवर उतरवून न घेता सर्व्हरवरच शोधता येतात, आणि त्यांना आईच्या जुन्या अहवालांसाठी तेच हवे होते. थंडरबर्डचे अँड्रॉइड ॲप ऑक्टोबर २०२४ मध्ये आले; ते के-९ मेल या जुन्या आणि विश्वासार्ह ॲपच्या पायावर उभे आहे, मुक्त स्रोत आहे आणि प्रत्येक खात्याला रंग देता येतो. प्रोटॉन मेलचे नाव समन्वयकांच्या भावाने सुचवले होते. पण ते केवळ ॲप नसून स्वतंत्र ईमेल सेवा आहे. ते घेणे म्हणजे पत्ता बदलणे, आणि बँकेपासून रुग्णालयापर्यंत सर्वांना नवा पत्ता कळवणे. आजारपणाच्या काळात ते ओझे नको, असे आमचे एकमत झाले.

आणखी एक कसोटी आम्ही लावली : हे ॲप उद्या बंद पडले तर काय गमवावे लागेल? ही भीती काल्पनिक नाही. गूगलचे ‘इनबॉक्स’ २०१४ मध्ये आले आणि २०१९ मध्ये बंद झाले. विंडोजमधील ‘मेल’ ॲपचा आधार ३१ डिसेंबर २०२४ रोजी संपला. आयमॅप पद्धतीत मेल सर्व्हरवर राहतात, त्यामुळे ॲप गेले तरी मेल जात नाहीत. पण नंतरसाठी बाजूला ठेवलेले मेल, ॲपच्या स्वतःच्या खुणा आणि टिपणे जाऊ शकतात. जुन्या ॲपमध्ये समन्वयकांनी बरेच मेल असे ‘नंतर दाखव’ म्हणून ठेवले होते. ॲप काढण्यापूर्वी ते सगळे परत इनबॉक्समध्ये आणावे लागले. शेवटी त्यांनी खासगी पत्त्यासाठी जीमेलचेच ॲप निवडले आणि संस्थेचे खातेही त्यातच जोडले. या दुसऱ्या भागाबद्दल मी पुढे लिहिले आहे.

प्रत्यक्ष कृती

क्रम महत्त्वाचा होता. प्रथम जुन्या ॲपला दिलेल्या परवानग्या काढल्या. फोनवरून ॲप काढून टाकले की जोडणी संपते, असा सार्वत्रिक समज आहे. तो चुकीचा आहे. टोकन जिवंत राहते आणि ॲपच्या कंपनीच्या सर्व्हरवर असेल तर मेलबॉक्स तपासणेही चालू राहू शकते. म्हणून गूगल खात्याच्या सुरक्षा पानावरून आणि कार्यालयीन खात्याच्या बाबतीत आयटी विभागाकडून परवानगी रद्द करून घेतली, ॲपच्या कंपनीकडे असलेले खाते पुसले, आणि मगच ॲप काढले.

त्यानंतर वर्क प्रोफाइल बसवून त्यात आउटलुक घातले. त्या आउटलुकमध्ये कंपनीखेरीज दुसरे खाते जोडता येणार नाही अशी मर्यादा विभागाने घातली. कार्यालयीन खाते या कप्प्याबाहेरच्या कोणत्याही ॲपमध्ये उघडणार नाही, अशीही व्यवस्था केली. दोन्हीकडून दार बंद असणे गरजेचे होते, कारण सवयीने माणूस एखाद्या दिवशी ‘तात्पुरते’ म्हणून खाते दुसरीकडे जोडतोच.

खासगी खात्यात अडकलेली मंजुरीची चर्चा कार्यालयीन नोंदीत आणायची होती. साधे फॉरवर्ड केले असते तर मूळ तारीख, प्रेषक आणि मेलचा तांत्रिक शीर्षभाग मजकुरात विरून गेला असता. म्हणून जीमेलच्या वेब आवृत्तीतून ते मेल ‘अटॅचमेंट म्हणून फॉरवर्ड’ केले. तसे केल्याने प्रत्येक मेल मूळ स्वरूपात, स्वतंत्र फाइल म्हणून पोहोचतो. ग्राहकाला समन्वयकांनी कार्यालयीन पत्त्यावरून असे लिहिले : ‘सुधारित नकाशाविषयीचा आपला पत्रव्यवहार माझ्या खासगी पत्त्यावर झाला होता. तो सर्व या पत्त्यावरील नोंदीत समाविष्ट केला आहे. कृपया पुढील मेल याच पत्त्यावर पाठवावेत आणि आपल्या संपर्क यादीतून जुना पत्ता काढून टाकावा.’ शेवटचे वाक्य नसते तर ग्राहकाच्या संगणकाने जुना पत्ता पुन्हा पुढे केला असता.

उलट दिशेचे काम अधिक अवघड ठरले. रुग्णालय, विमा कंपनी आणि व्यावसायिक संघटना यांच्याकडे पत्ता बदलून घेतला. आईचे अहवाल कार्यालयीन मेलबॉक्समधून उतरवून घेतले आणि तेथून काढले. परंतु कार्यालयीन खात्यातून मेल काढणे म्हणजे तो नाहीसा होणे नव्हे. कंपनीच्या जतन धोरणाप्रमाणे काढलेल्या मेलच्या प्रती ठरावीक काळ राहतात. विभागाने ते मोकळेपणाने सांगितले आणि सहकाऱ्याला दिलेली परवानगी त्याच दिवशी काढून घेतली.

लॅपटॉपवर खासगी मेल उघडणे समन्वयकांनी पूर्ण बंद केले.

परिणाम

पुढील काही महिन्यांत कामाचे मेल जवळजवळ सर्व योग्य खात्यावरून गेले. ‘जवळजवळ’ म्हणतो, कारण एक फट उरली आणि ती आमच्या कोणाच्याही लक्षात आली नव्हती. साइटवरचे फोटो समन्वयक फोनच्या नेहमीच्या कॅमेऱ्याने काढत होत्या. तो खासगी बाजूचा कॅमेरा. फोटो खासगी गॅलरीत जमा होत, शेअर केले की जीमेल पुढे येई, आणि काही फोटो त्या वाटेने ग्राहकाकडे गेलेच. यावर उपाय दोन होते : शेअरच्या पडद्यावर वरच्या बाजूला असलेला ‘वर्क’ हा भाग निवडणे, किंवा कामाच्या कप्प्यातील कॅमेरा वापरणे. समन्वयकांनी दुसरा निवडला आणि तो कॅमेरा फोनच्या पहिल्या पडद्यावर आणून ठेवला. सवय बदलायला वेळ लागला.

गैरसोयीही झाल्या. दोन कॅलेंडर वेगळी झाल्याने आईच्या तपासणीची वेळ आणि कामाची बैठक एकाच जागी दिसेनाशी झाली. एकदा दोन्ही एकाच वेळी आली. आता त्या कार्यालयीन कॅलेंडरमध्ये कारण न लिहिता ‘उपलब्ध नाही’ एवढेच नोंदवतात. एकत्रित शोध गेला, याची त्यांना अजूनही चुटपुट आहे.

मिळाले ते मात्र मोठे होते. आईच्या पुढच्या उपचारांसाठी त्या पुन्हा रजेवर गेल्या तेव्हा त्यांनी कामाचा कप्पा थांबवला, आणि रुग्णालयात बसून फोन हातात घेतला तरी ग्राहकाचा एकही मेल समोर आला नाही. सहकाऱ्याला लागणारी कागदपत्रे जिथे असायला हवीत तिथेच होती.

काय वेगळे करता आले असते

कामाच्या नोंदी एका व्यक्तीच्या मेलबॉक्सवर अवलंबून असणे हाच या प्रकरणातील सर्वांत मोठा दोष होता, आणि त्याचा ॲपशी संबंध नाही. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये प्रकल्पासाठी सामायिक मेलबॉक्स काढता येतो; ५० जीबीपर्यंत त्याला वेगळा परवाना लागत नाही. ग्राहकाशी होणारा पत्रव्यवहार तेथून झाला असता तर रजेच्या काळात व्यक्तीचा मेलबॉक्स दुसऱ्यासमोर उघडण्याची वेळच आली नसती आणि आईचे अहवाल कोणी पाहिले नसते. कंपनीने असे मेलबॉक्स आता नव्या प्रकल्पांसाठी सुरू केले आहेत. माझे मत विचाराल तर हे काम फोनवरील ॲप ठरवण्याच्या आधी व्हायला हवे होते. आम्ही क्रम उलटा ठेवला, कारण समन्वयकांच्या फोनचा प्रश्न अधिक तातडीचा वाटत होता.

दुसरे, दुसऱ्याच्या मेलबॉक्सची परवानगी देताना संपूर्ण मेलबॉक्स खुला करण्याची गरज नव्हती. एक्स्चेंजमध्ये एखाद्या फोल्डरपुरती परवानगी देता येते. समन्वयक प्रकल्पवार फोल्डर वापरत होत्या. तेवढे एक फोल्डर पुरले असते.

तिसरे, स्वतःचा फोन वापरण्याची अपेक्षा कंपनी करत होती, तर संमतिपत्र आणि वर्क प्रोफाइल कामावर रुजू झाल्याच्या दिवशीच द्यायला हवे होते. घटना घडल्यानंतर तेच पत्र हाती पडले की ते शिक्षेसारखे वाटते, आणि समन्वयकांना तसेच वाटले होते.

संस्थेच्या खात्याचा निर्णय मला आजही अपुरा वाटतो. ते जीमेलच्या ॲपमध्ये खासगी खात्याच्या शेजारी आहे, म्हणजे दोन मालकांचे मेल पुन्हा एकाच ॲपमध्ये आहेत. ते थंडरबर्डमध्ये वेगळे ठेवावे असे मी सुचवले होते. समन्वयकांना तिसरे ॲप नको होते आणि संस्थेचे मेल थोडेच येतात हेही खरे. पण त्या खात्याचा पासवर्ड परत मिळवण्यासाठी त्यांचा खासगी पत्ता आणि खासगी फोन क्रमांक नोंदवलेला आहे. त्यामुळे नवा सचिव निवडला गेला की खाते सोपवताना पासवर्ड देऊन भागणार नाही. पुनर्प्राप्तीचा पत्ता, क्रमांक आणि दोन टप्प्यांच्या पडताळणीची सोय, हे सगळे बदलावे लागेल. संस्थेच्या पुढच्या सभेपूर्वी ही माहिती लिहून ठेवायची आणि पुनर्प्राप्तीसाठी दुसऱ्या एका पदाधिकाऱ्याचा पत्ता जोडायचा, असे आता ठरले आहे.